किंमत छापलीत, नंबर राहिला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर घरफोडीची एक बातमी होती. दागिने, रोकड आणि 'दोन किमती मनगटी घड्याळे' चोरीला गेली. दागिन्यांचं वजन ग्रॅमपर्यंत दिलं होतं, घड्याळांची किंमत तर मथळ्यातच होती. पण घड्याळं कुठल्या कंपनीची, पोलादाची की सोन्याची, तबकडी काळी की पांढरी, यातलं काही नाही. मी ती बातमी दोनदा वाचली. अडतीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली, त्याची ही खोड. 'किमती घड्याळ' हे वर्णन वाचलं की मला 'एक उंच माणूस हरवला आहे' असं काहीतरी वाचल्यासारखं वाटतं. शोधायचा कुणी आणि कसा?

यात तुमच्या वार्ताहराचा दोष नाही. फिर्यादीत जे असतं तेच तो लिहिणार, आणि मालकाला जे आठवतं तेच फिर्यादीत येणार. मालकाला आठवतं काय? घड्याळ कधी घेतलं, कुणी दिलं, कितीला पडलं. नंबर विचारला की तो आपल्याच तोंडाकडे बघतो. 'घड्याळाला नंबर असतो?' हा प्रश्न टेबलापलीकडून मला इतक्या वेळा आला की शेवटी शेवटी उत्तर देण्याऐवजी मी भिंगच पुढे करायचो.

मोबाईल हरवला तर हल्ली शाळकरी मुलगासुद्धा पंधरा आकडी आयएमईआय नंबर काढून देतो. चार-दोन बटणं दाबली की तो पडद्यावर येतो. घड्याळ स्वतःहून काही सांगत नाही. शिवाय प्रत्येक कंपनीने नंबर लपवण्याची जागा वेगळी धरली आहे. जुनी रोलेक्स घ्या. पट्टा जिथे घड्याळाला मिळतो तिथे दोन्ही टोकांना दोन-दोन कान असतात. सहाच्या बाजूची पिन दाबून पट्टा सोडवला की त्या दोन कानांमधल्या भिंतीवर सीरिअल नंबर असतो आणि बाराच्या बाजूला मॉडेलचा नंबर. पट्टा काढल्याशिवाय यातलं काही दिसत नाही, म्हणून वीस वर्षं रोज घड्याळ बांधणाऱ्यालाही त्याचा पत्ता नसतो. वरून घामाचा आणि साबणाचा काळा थर बसलेला. तो टोकदार लाकडी काडीने खरवडला की भिंगाखाली आकडे उजळतात. अस्सल आकडे कापून कोरलेले असतात, त्यामुळे घड्याळ हातात जरा फिरवलं की रेषेच्या आत उजेड सरकताना दिसतो. ॲसिडने खाऊन उमटवलेले नकली आकडे असतील तर उजेड सरकत नाही, आकड्यांत वाळू चिकटल्यासारखी दिसते. हा फरक एकदा पाहिला की विसरत नाही.

२००५ नंतर रोलेक्सने हा नंबर काचेच्या आत, तबकडीभोवतीच्या कड्यावर, सहाच्या बाजूला कोरायला सुरुवात केली आणि काही वर्षांत कानांमधली जागा सोडूनच दिली. २०१० च्या सुमारास ओळीने नंबर देणंही थांबवलं. म्हणून जुन्या नंबरावरून साल साधारण सांगता येतं, नव्यावरून येत नाही. ओमेगाच्या जुन्या घड्याळांत नंबर आतल्या मशीनवर असतो. नव्यांत तो बाहेरच्या अंगाला, बहुधा कानाच्या पाठीमागे, इतका बारीक असतो की चरा वाटावा. कार्टिएचा मागच्या झाकणावर. पाटेक फिलिपच्या घड्याळाला मशीनचा नंबर वेगळा आणि केसचा वेगळा, तेव्हा दोन्ही लिहून ठेवायचे. नुसता आकडाही पुरत नाही, कारण दोन कंपन्यांच्या दोन घड्याळांवर एकच आकडा असू शकतो. कंपनी, मॉडेल आणि नंबर अशी तिन्ही नावं लागतात, माणसाला नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव लागतं तशी.

हे सगळं मला कळतं म्हणून मी फार शहाणा, असं समजू नका. धंद्यातली निम्मी वर्षं मी नंबर लिहायचो ते घड्याळांची अदलाबदल होऊ नये एवढ्यासाठी. त्याचा दुसराही उपयोग असतो, हे मला एका ओमेगाने शिकवलं.

एक तरुण ते घेऊन आला. नोकरीत बढती मिळाली म्हणून स्वतःसाठी घेतलेलं, वापरलेलं पण सुरेख ठेवलेलं. तक्रार अशी की दिवसाला चार मिनिटं पुढे पळतं. घड्याळ एकाएकी एवढं पुढे पळायला लागलं की पहिला संशय चुंबकाचा. मी होकायंत्र जवळ नेलं, पण सुई हलली नाही. म्हणजे उघडणं आलं. मागचं झाकण फिरवून काढलं, सवयीप्रमाणे उलटं करून दिव्याखाली धरलं, आणि हात थांबला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या वळणाचे कारागीर सर्व्हिसिंग केलं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक खूण करतात. कुणी तारीख घालतो, कुणी आद्याक्षर, कुणी नोंदवहीचा नंबर. गिऱ्हाइकाला ती कधीच दिसत नाही, पुढच्या कारागिराला दिसते. चार हातांतून गेलेल्या घड्याळाच्या झाकणात चार माणसांची अक्षरं एकाखाली एक भेटतात. मी माझ्या वहीचा क्रमांक आणि पानाचा आकडा कोरायचो, आणि सातचा आकडा काढताना त्याला मधे आडवी रेघ द्यायचो, माझ्या गुरूंची सवय. त्या झाकणात दोन सात होते. दोन्हींना आडवी रेघ होती.

हे घड्याळ माझ्या हातून आधी गेलं होतं, आणि तेव्हा ते या तरुणाचं नव्हतं. यात वावगं काहीच नाही. घड्याळं विकली जातात, वारशाने जातात, भेट म्हणून जातात. मी 'दोन दिवसांनी या' म्हटलं आणि रात्री वही काढली. पान सापडलं. ओमेगा, मशीनचा नंबर, सोनेरी केस, तबकडीवर नऊच्या आकड्याजवळ डाग, चावी बदलली, मालकाचं नाव आणि फोन. फोन लागला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, 'ते घड्याळ विकलंत का हो?' पलीकडून काही वेळ आवाजच आला नाही. मग म्हणाले, 'विकलं नाही. चोरीला गेलं, त्याला दीड वर्ष झालं.'

फिर्याद त्यांनी त्याच दिवशी दिली होती. तिच्यात लिहिलं होतं, 'एक जुने सोनेरी मनगटी घड्याळ'. मी विचारलं, 'नंबर का नाही दिलात?' त्यांचं उत्तर ऐका. घड्याळाचा मूळ डबा, वॉरंटी कार्ड, खरेदीची पावती, माझी दुरुस्तीची चिठ्ठी असं सगळं त्यांनी व्यवस्थित जपलं होतं, आणि ते सगळं घड्याळासोबत त्याच कपाटात त्याच डब्यात होतं. चोराने डबाच उचलला. नंबर ज्या ज्या कागदावर होता तो प्रत्येक कागद चोराकडे गेला आणि मालकाकडे उरली फक्त आठवण. 'पण मला फोन करायचा होता, माझ्याकडे नोंद होती,' मी म्हटलं. 'तुमच्याकडे नंबर असेल हे मला काय ठाऊक?' म्हणाले. खरं आहे. मी तरी कधी सांगितलं होतं?

तरुणाला सांगणं त्याहून अवघड गेलं. त्याला स्टुलावर बसवलं आणि झाकणातली खूण भिंगातून दाखवली. तो हसलाच. 'काका, काहीतरी घोटाळा असेल, माझ्याकडे सगळं आहे.' आणि पिशवीतून तोच डबा काढला. तेच कार्ड. कार्डावरचा नंबर घड्याळाशी जुळत होता, का नाही जुळणार? डबा आणि कागद आहेत म्हणजे माल सरळ, असं त्याला चार जाणत्या माणसांनी सांगितलं होतं. त्यांचंही चूक म्हणता येणार नाही, घड्याळ अस्सलच होतं. अस्सल आहे का, हे त्याने नीट तपासलं होतं. कुणाचं आहे, हे तपासायचं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. विकणाऱ्याचा फोन तोवर बंद झाला होता. पैसे रोख दिलेले.

मी त्याला एवढंच म्हटलं की तू स्वतः पोलिसांकडे गेलास तर तू साक्षीदार, ते तुझ्याकडे आले तर तुझी बाजू तुला समजावत बसावी लागेल. तो गेला. पोरगा सरळ होता. घड्याळ कित्येक महिने सीलबंद पाकिटात पडून राहिलं, माझी वहीही पुरावा म्हणून गेली आणि दोरा व चिठ्ठी बांधून परत आली. ती चिठ्ठी मी काढलेली नाही. घड्याळ मूळ मालकाकडे पोचलं तेव्हा बंद पडलं होतं, तेल सुकलेलं. मीच पुन्हा चालू करून दिलं. तरुणाचे पैसे बुडाले ते बुडाले. आता कधी समोर आला तर मान वळवतो. मी त्याच्या जागी असतो तर मीही वळवली असती.

हे इतकं लांबण लावून सांगितलं कारण उपाय त्यातच आहे. नंबर घड्याळाबरोबर ठेवायचा नाही. डबा एका जागी, कार्ड दुसऱ्या जागी, आणि नंबर तिसऱ्या जागी, जिथे चोराचा हात पोचत नाही अशा ठिकाणी. घड्याळाचे उजेडात फोटो काढा. समोरून, मागून, पट्ट्याच्या कडीचा आणि नंबराचा जवळून. शिवाय जे फक्त तुमच्याच घड्याळाला आहे त्याचा एक. नवी कोरी एकाच मॉडेलची दोन घड्याळं मलाही वेगळी ओळखता येत नाहीत, पण पाच वर्षं वापरलेली दोन घड्याळं कधीच सारखी नसतात. एखाद्याच्या कडेला दाराची कडी लागून पोचा आलेला असतो, एखाद्याच्या पट्ट्यात एक दुवा कमी असतो. त्यातली एक खूण कुणालाही सांगू नका. घड्याळ सापडलं आणि दोघांनी हक्क सांगितला तर ती उपयोगी पडते. हौसेने मनगटाचे फोटो टाकणाऱ्यांना एक सूचना: नंबर दिसेल असा फोटो चारचौघांत टाकू नका. नकली घड्याळं करणाऱ्यांना खरे नंबर हवेच असतात. मग तुमच्या घड्याळाला जगात कुठेतरी एक जुळा भाऊ तयार होतो आणि पुढे विकायला गेलात की संशयित तुम्हीच.

चोरी झालीच तर पोलिसांत फिर्याद पहिल्या दिवशी, आणि ती देताना नंबर लिहून घेतला आहे ना, हे सही करण्याआधी डोळ्यांनी वाचा. फिर्यादीची प्रत लागतेच, विम्याला लागते आणि पुढच्या सगळ्यांना लागते. मग ज्या कंपनीचं घड्याळ आहे तिला कळवा. सर्व्हिसिंगला आलेल्या घड्याळाचा नंबर बऱ्याच कंपन्या आपल्याकडच्या चोरीच्या यादीशी ताडून पाहतात, आणि महागडं घड्याळ कधी ना कधी सर्व्हिसिंगला येतंच. चोर येत नाही, चोराकडून घेणारा येतो, नाहीतर त्याच्याकडून घेणारा. घाई इथेही लागते, कारण घड्याळ पहिल्या आठवड्यात जितक्या हातांतून फिरतं तितकं पुढे वर्षभरात फिरत नसेल, असा आपला माझा अंदाज.

आणखी दोन जागा आहेत, ज्यांची नावं मी निवृत्त झाल्यावर ऐकली आणि हळहळलो. एक 'द वॉच रजिस्टर', लंडनची. १९९० पासून चोरीच्या कलावस्तूंची यादी ठेवणाऱ्या 'आर्ट लॉस रजिस्टर'चीच ती घड्याळांची शाखा. तिच्याकडे हरवलेल्या आणि चोरीच्या एक लाखाहून अधिक घड्याळांची नोंद आहे. जुन्या घड्याळांचे व्यापारी आणि लिलाववाले माल घेण्याआधी तिथे नंबर तपासतात. दुसरी 'एन्क्वायरस'. कार्टिए, आयडब्ल्यूसी, व्हॅशरॉन कॉन्स्टँटिन ज्यांच्याकडे आहेत त्या रिशमाँ समूहाने ती २०२३ मध्ये सुरू केली. तिथे कुठल्याही कंपनीचं घड्याळ नोंदवता येतं आणि कुणालाही नंबर घालून पाहता येतो, फी नाही. माझ्या त्या ओमेगाच्या वेळी अशी सोय आम्हाला ठाऊक असती, तर तरुणाने पैसे देण्याआधी पाच मिनिटांत नंबर पाहिला असता. अर्थात मालकाकडे नोंदवायला नंबर असता तर. गाडं पुन्हा तिथेच येतं. विम्याचे पैसे मिळाले म्हणून विषय संपला असंही धरू नका. विमा कंपनीने भरपाई दिली की सापडलेल्या घड्याळावर सहसा तिचा हक्क येतो. वडिलांचं घड्याळ असेल तर हे आधीच विचारून घेतलेलं बरं.

आता घेणाऱ्यांविषयी. वापरलेलं घड्याळ घेणं यात कमीपणा नाही. मी तर म्हणेन की शहाणा माणूस वापरलेलंच घेतो. पण घड्याळ बघायला जाण्याआधी नंबर मागा. विकणारा नंबर द्यायला का-कू करत असेल तर मी पुढे जाणार नाही. जाहिरातीच्या फोटोत नंबर झाकलेला असणं वेगळं, वर सांगितलंच, ते शहाणपणाचं आहे. पण खरेदीदाराने खाजगीत विचारल्यावरही 'भेटल्यावर बघू' म्हणणारा मला आवडत नाही. नंबर मिळाला की दोन्ही याद्यांत बघा. मग प्रत्यक्ष घड्याळ हातात आल्यावर पिन काढायला लावून तोच नंबर त्यावर आहे का बघा. ही पायरी लोक गाळतात. कळवलेला नंबर एका घड्याळाचा आणि हातात दिलेलं घड्याळ दुसरं, ही युक्ती जुनीच आहे. पिन काढण्यासाठी एखाद्या घड्याळजीकडे भेट ठरवा. सरळ माणूस तयार होतो. झाकण उघडायला सांगा, आतल्या खुणा बघा. 'एकदाही उघडलेलं नाही' असं सांगून विकलेल्या घड्याळात मला तीन-तीन कारागिरांची अक्षरं भेटली आहेत.

नंबर पुसट दिसला म्हणून लगेच चोरी समजू नका. कानांमध्ये घाम आणि मीठ साचून पोलाद खाल्लं जातं, जुन्या घड्याळांत एखाद-दोन आकडे त्यातच जातात. पण खाल्लेलं पोलाद खड्ड्याखड्ड्यांचं असतं. घासलेलं पोलाद गुळगुळीत आणि जरा खोलगट असतं, बोटाच्या नखाला कळतं. कागदांकडे बघताना नंबराचं साल आणि कागदाचं साल जुळतं का पाहा. पाटेक फिलिपसारखी कंपनी आपल्या दप्तरातून घड्याळाचा उतारा देते. त्यात ते कधी बनलं आणि कधी विकलं गेलं हे असतं, पण आज ते कुणाच्या मालकीचं आहे हे कुठल्याच कंपनीच्या कागदावर लिहिलेलं नसतं. त्यासाठी विकणाऱ्याची स्वतःची खरेदीची पावती हवी. ती नसेल तर त्याने नाव, ओळखपत्र आणि सही देऊन नंबरासह पावती लिहून द्यावी, पैसे बँकेतून जावेत. आणि यादीत नाव नाही म्हणजे घड्याळ धुतल्या तांदळासारखं असं नाही. काल चोरलेलं घड्याळ आज यादीत नसतं, आणि ज्याला नंबरच ठाऊक नाही त्याचं कधीच नसतं. ते ओमेगा कुठल्याही यादीत सापडलं नसतं.

'मला ठाऊक नव्हतं, मी पैसे मोजून घेतलं' हे सांगून घड्याळ वाचतं का? देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत, पण त्यावर भरवसा ठेवून कुणी खरेदी करू नये. योको ओनो यांनी १९८० मध्ये आपले पती, 'बीटल्स'चे गायक जॉन लेनन यांना चाळिसाव्या वाढदिवसाला पाटेक फिलिपचं २४९९ मॉडेल दिलं होतं. मागे मजकूर कोरून घेतला होता. दोन महिन्यांत लेनन यांचा खून झाला. घड्याळ योको यांच्याकडे राहिलं आणि २००६ च्या सुमारास त्यांच्या चालकाने ते पळवलं. पुढे हातोहात फिरत २०१४ मध्ये ते एका संग्राहकाने विकत घेतलं आणि मोल काढायला जिनिव्हाच्या लिलाववाल्यांकडे दिलं. त्यांनी योको यांच्या वकिलांकडे चौकशी केली तेव्हा योको यांना कळलं की घड्याळ आपल्या घरात नाही! वाद दहा वर्षं चालला. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने घड्याळ योको यांचंच असल्याचं सांगितलं. संग्राहकाने पैसे मोजले होते, आणि मागे कोरलेला मजकूर तर त्याच्या डोळ्यांसमोर होता. ज्यांचा होता त्यांना एक फोन केला असता तर?

प्रसिद्ध घड्याळाचं एक बरं असतं, ते विकता येत नाही. जेरुसलेमच्या एल. ए. मेयर संग्रहालयातून एप्रिल १९८३ च्या एका रात्री १०६ घड्याळं गेली. त्यांत पॅरिसच्या ब्रेगे या नामांकित घड्याळजीचं १६० नंबरचं घड्याळ होतं, फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतसाठी १७८३ मध्ये सांगून ठेवलेलं आणि राणीही नाही नि ब्रेगेही नाही अशा काळात, १८२७ मध्ये, पुरं झालेलं. चोर ते वीस वर्षं दडवून बसला, कारण दाखवणार कुणाला? तो मेल्यावर त्याच्या बायकोकडून वकिलामार्फत पत्ता लागला आणि २००६ पासून बहुतेक घड्याळं परत आली. आमच्या घड्याळजींच्या जगात '१६० नंबर' एवढं म्हटलं तरी पुरतं. तुमच्या-माझ्या घड्याळाचा नंबर असा कुणाच्या तोंडी नसतो. ते दुपारी चोरीला जातं आणि संध्याकाळी विकलं जातं.

शेवटी माझ्याच भाऊबंदांविषयी, कारण दुसऱ्यांना शिकवून आपण नामानिराळं राहणं बरं नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एकजण माझ्याकडे आला आणि म्हणाला, 'काका, पट्ट्याखालचे आकडे जरा घासून द्या, मनगटाला टोचतात.' कानांच्या मधले आकडे मनगटाला टोचायचे तर मनगटाला वळसा घालून वर यावं लागेल! मी नाही म्हटलं, तो गेला. पण मी नंबर लिहून घेतला नाही, चेहरा लक्षात ठेवला नाही, कुणाला कळवलंही नाही. 'आपल्याला काय करायचंय' हे वाक्य आमच्या धंद्यात फार चालतं. गिऱ्हाइकाच्या भानगडीत पडू नये, असं आम्हाला शिकवलेलं असतं. तो माणूस पुढच्या गल्लीत गेला असेल आणि तिथे कुणीतरी पाच मिनिटांत ते काम करून दिलं असेल. त्या घड्याळाचा मालक कुठे असेल, हा विचार मला ओमेगानंतर बऱ्याचदा आला.

तर संपादक महोदय, मागणं छोटं आहे. घड्याळाच्या चोरीची बातमी देताना किंमत देता तसं कंपनीचं नाव, मॉडेल आणि तबकडीचा रंग द्या. मालक राजी असेल तर नंबरही छापा. माझे काही जुने सोबती म्हणतात की छापलात तर चोर सावध होईल आणि नंबर घासेल. घासू दे. घासलेलं घड्याळ कमी भावात जातं आणि नखाला कळतं. फार तर शेवटचे दोन आकडे गाळा. निदान वार्ताहराने फिर्यादीला 'नंबर दिलात का' एवढं विचारलं, तरी दहातला एकजण घरी जाऊन दुरुस्तीची जुनी चिठ्ठी शोधेल, किंवा आपल्या घड्याळजीला फोन करेल. आमच्या वह्या असतात हो. माझ्या एकतीस आहेत, माळ्यावर, कसर लागू नये म्हणून कापडात बांधून. ज्यांची घड्याळं माझ्या हातून गेली त्यांनी केव्हाही नंबर विचारावा.

आपला,
एक निवृत्त घड्याळजी
(नाव छापू नये ही विनंती. तो तरुण आपलाच पेपर वाचतो.)

ता. क. पत्र पुरं करून वाचून दाखवलं तर नात म्हणाली, 'आजोबा, तुमच्या घड्याळाचा नंबर काय?' एकतीस वह्या चाळल्या. सगळ्या गावाचे नंबर आहेत, माझा नाही. मग पट्टा सोडवला, काडीने कान साफ केले, भिंग लावलं आणि आकडे मोठ्याने सांगितले, तिने लिहून घेतले. तिला भरवसा वाटला नाही, म्हणून तिने मोबाईलने फोटो काढून मोठा करून पाहिला. चौथा आकडा मी ३ वाचला होता, तो ८ आहे.